अकरा टक्क्यांचं गाव

२ जून

प्रिय वहिनी,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, मेसेजवर केलंस, गेममधल्या मित्रांच्या यादीतूनसुद्धा काढून टाकलंस. दादाला फोन केला तर म्हणाला, तुमचं तुम्ही निस्तरा, मला मध्ये ओढू नका. साइटवर फार आवाज आहे असं सांगून त्याने फोन ठेवूनही दिला. म्हणून हे पाकीट. पोस्टात जाऊन किती वर्षं झाली आठवत नाही, खिडकी कुठली तेही विचारावं लागलं.

मला कळलंय ते एवढंच, की मी तुमच्याकडून निघाल्यावर तू टीव्ही लावलास आणि दीपबेट हा गेम उघडल्यावर तुझं आणि आईचं गाव दिसलं नाही. त्याचं काय झालं ते सांगतो. त्या गेममध्ये खेळ साठवायला तीनच जागा असतात. एक दादाची होती, एक तुमची, एक मी घेतली. पण हा गेम सगळ्यांच्या आधी संपवायच्या स्पर्धेच्या तयारीला मला दोन लागतात, एक पूर्ण खेळाला आणि एक फक्त दलदलीचा तुकडा घोटायला. मग यादी पाहिली. दादाचा खेळ निम्म्यावर होता. तुमच्या नावापुढे लिहिलं होतं, अकरा टक्के. इतके महिने झाले आणि सात दिव्यांपैकी एकही लावलेला नाही. मला वाटलं, कुणीतरी सुरू करून सोडून दिलंय. कुणालाही तसंच वाटलं असतं. मी ते पुसलं.

विचारायला हवं होतं, मान्य. पण तू दुकानात होतीस आणि आईला झोप लागली होती.

आता राग सोड. पुढच्या वेळी आलो की एका दुपारी तुम्हाला अकरा टक्क्यांपर्यंत नेऊन ठेवतो. दुपारही नको खरं तर, चहा होईस्तोवर होईल. वाटलं तर सातही दिवे लावून देतो, म्हणजे तुमचा गेम एकदाचा संपेल तरी.

आईला नमस्कार सांग.

तुझा धाकटा दीर

१० जून

भाऊजी,

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं. 'अकरा टक्के' मी गाळणार होते, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

तुम्ही काय पुसलंत ते आता ऐका. आईंना अर्धांगाचा झटका आल्यावर उजवा हात मांडीवर पडून राहायचा, हे तुम्ही दोनदा येऊन बघून गेला आहात. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. आईंनी तो खिडकीतून फेकला, तोही डाव्या हाताने. मी दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासते, घरी आले की ह्यांच्या आईची बोलणी खाते, असा आमचा संसार चालला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं दोघींचं भाजीतल्या मिठावरसुद्धा कधी एकमत झालेलं नाही.

एकदा कंटाळून मी ह्यांचा गेम लावला आणि रिमोट त्यांच्या त्या हातात ठेवला. गेममधल्या माणसाला नुसतं चालवा म्हटलं. त्या चालवायला लागल्या. पहिले कित्येक दिवस तो माणूस फक्त समुद्रात पडायचा. मग धक्क्यापर्यंत गेला. मग आम्ही घर बांधलं, कुंपण घातलं, कोंबड्या पाळल्या. प्रत्येक कोंबडीला आईंनी न पटणाऱ्या एकेका नातेवाइकाचं नाव ठेवलं आणि गाढवाला तुमचं, लाडाने. दुकान बंद करून मी धावत घरी यायचे, कारण मी आल्याशिवाय त्या दार कुठल्या रंगाचं करायचं ते ठरवत नसत. आम्ही भांडायचो ते दाराच्या रंगावरून. इतकी चांगली भांडणं आमची कधी झाली नव्हती.

दिवे आम्हाला लावायचेच नव्हते.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून त्यांनी रिमोट हातात घेतलेला नाही. मी नवं गाव सुरू करून दिलं, त्यांनी तोंड फिरवलं. बाई म्हणतात, असंच राहिलं तर बोटं आखडतील आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. तुमच्या आईचा हात आहे तो.

माफी मागू नका, मला ती नको आहे. ह्याचा वचपा मी काढीन. कसा ते अजून ठरवलेलं नाही, पण तुम्हाला जिथे लागेल तिथेच. आणि यापुढे जे काही सांगायचं ते कागदावरच सांगा, आईंना ऐकायचं असतं.

वहिनी

१८ जून

वहिनी,

तुझं पत्र दुरुस्तीच्या कामावर, लिफ्टच्या शाफ्टमध्ये, केबिनच्या डोक्यावर बसून वाचलं. दोन मजल्यांच्या मध्ये असताना माणसाला दुसरं काही करता येत नाही, म्हणून पूर्ण वाचलं. वाईट वाटलं. आईला सांग की छोटूला वाईट वाटलं.

पण खरं सांगू का? हात चालवायचा असेल तर आईने असं फिरण्यापेक्षा नीट खेळावं. घड्याळ लावलं की माणसाला जोर येतो. माझं बघ, शाळेत पळायलासुद्धा मी मागे असायचो, आणि आज दीपबेटात माझ्यापुढे एकच खेळाडू आहे. लोक तिला गोगलगाय म्हणतात. नाव गोगलगाय आणि खेळते अशी, की समोरच्याला घाम पुसायला सवड मिळत नाही.

फायनल माझी आणि तिची आहे. १३ जुलैला, रविवारी दुपारी, मोठ्या सभागृहात. दोन पडदे, एकाच वेळी सुरुवात, सातवा दिवा जो आधी लावेल तो जिंकला. जिंकलो तर एक संघ मला पगारावर घेतोय. म्हणजे शाफ्टमधलं ग्रीस, साहेबांच्या शिव्या, सगळ्यातून सुटका. वहिनी, मला हे इतकं हवंय की जेवण जात नाही.

आणि मी अडकलोय दलदलीत. सहाव्या दिव्यापासून सातव्यापर्यंत ती ओलांडावीच लागते, आणि गोगलगाय ती माझ्यापेक्षा जरा लवकर ओलांडते. सगळा फरक तेवढाच आहे. तू चिडली आहेस हे माहीत असूनही विचारतो. तुम्ही दोघी त्या बेटावर काही कामधंदा नसल्यासारख्या इतके महिने हिंडलात. दुसरीकडून जायची एखादी वाट कधी दिसली का? मदत केलीस तर स्टेजवरून तुझं नाव घेईन.

दीर

२७ जून

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर आईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून द्यायला सांगितलं. ते मांडीवर घेऊन बराच वेळ बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, पोराला त्याच्या मोठ्या दिवशी आपण आडवं जायचं नाही. मी तरी कशाला मनात धरून बसू? तुम्हाला एक आनंदाची गोष्टही सांगते, त्यांनी परवा रिमोट पुन्हा हातात घेतला. नवं गाव सुरू झालं आहे.

तुम्ही वाट विचारलीत. आहे.

सहाव्या दिव्याच्या खाली धक्क्यावर एक म्हातारा नावाडी बसलेला असतो. तुम्ही सगळे पळणारे त्याच्यापाशी जाता आणि तो बोलायला लागला की पुढे ढकलायचं बटण दाबता. मग तो पाठ फिरवतो, आणि तुम्हाला वाटतं की त्याचं काही काम नाही. बटण दाबायचं नाही. काहीच दाबायचं नाही. त्याला जे बोलायचं ते पूर्ण बोलू द्यायचं. बोलणं थोडंसंच आहे. ते संपलं की तो स्वतःहून विचारतो, 'पलीकडे जायचं का?' हो म्हटलं की होडीत बसवून दलदलीला वळसा घालून थेट सातव्या दिव्याच्या पायऱ्यांशी सोडतो.

करून बघा. बोलण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या कितीतरी पट वाचतो.

हे आम्हाला कसं कळलं म्हणाल, तर आईंची बोटं बटणापर्यंत वेळेत पोचायचीच नाहीत. म्हातारा आपला बोलत राहायचा.

यश घ्या.

वहिनी

५ जुलै

वहिनी, वहिनी,

काय दिलंस तू हे. मी दिवसातून कितीदा करून बघतोय आणि प्रत्येक वेळी होडी सुटते. सहावा दिवा लावतो, रिमोट मांडीवर ठेवतो, म्हातारा त्याची टकळी चालवतो, मी तेवढ्यात पाणी पितो, आणि निघालो. गोगलगाय अजून चिखल तुडवत असणार तेव्हा मी पायऱ्या चढत असेन. इतकी वर्षं हजारो लोक हा गेम खेळतायत आणि कुणाला हे माहीत नाही. मी सरावाचं चित्रण कुणालाही दाखवलेलं नाही. फायनललाच फोडणार.

संघाच्या मॅनेजरला माझी नवी वेळ कळवली, तो उडालाच. म्हणाला, जिंकलास की सोमवारी सही. म्हणून मी काल राजीनामा देऊन आलो. सुपरवायझर म्हणाला, आधी जिंक तरी. मी म्हटलं, साहेब, पुढचा फोन लिफ्ट बंद पडली म्हणून करू नका, अभिनंदन करायला करा. सगळी गँग हसली. तेही सगळे येणार आहेत रविवारी.

तुझ्यावर मी मनातून जरा चिडलो होतो, आता लाज वाटते. तू मोठ्या मनाची आहेस. स्टेजवर तुझं आणि आईचं नाव घेणार हे नक्की. घरी लाइव्ह लावा.

तुझा छोटू

१५ जुलै

भाऊजी,

लावला होता लाइव्ह. ह्यांनाही बसवलं होतं.

पहिले पाच दिवे तुम्ही बरोबरीत होतात. सहावा तुम्ही आधी लावलात. मग धक्क्यावर जाऊन रिमोट मांडीवर ठेवलात आणि बाटली उघडून पाणी प्यायलात. समालोचकांना काही कळेना, एक जण म्हणाला, याला बरं नाही का. मग होडी सुटली आणि केवढा ओरडा झाला. तुम्ही हात वर करून त्या ओरड्याकडे पाहून हसलात. तुमचा तो चेहरा मी विसरणार नाही. त्यासाठीच थांबले होते.

होडी पाण्याच्या मधोमध आली आणि नावाड्याने वल्हं आत घेतलं.

भाऊजी, तो गेम खऱ्या तारखेवर चालतो. त्या दलदलीपाशी कायम रात्र असते, आणि आपल्याकडे दिवस असो, पाऊस असो, त्या तारखेचा चंद्र तिथे दिसतोच. आणि पौर्णिमेला नावाडी मधेच थांबतो, चंद्राकडे तोंड करून आधी गातो, आणि मग त्याची सगळी कहाणी सांगतो, पहिल्यापासून. ती थांबवता येत नाही. होडीतून उतरता येत नाही. महिनोन्महिने रोज खेळणाऱ्या माणसालाच हे माहीत असतं, आणि तुमच्यातलं कुणी तिथे एक दुपारसुद्धा राहत नाही. तेरा तारखेला पौर्णिमा होती. कॅलेंडरवर तो गोल सगळ्यांना दिसतो.

तुम्ही सगळी बटणं दाबलीत. उभे राहून दाबलीत. रिमोट आपटलात. शेजारच्या पडद्यावर ती मुलगी दलदलीत शिरली, चिखल तुडवत निघाली, बाहेर आली, आणि म्हातारा अजून लहानपणीच्या गोष्टीत होता. लोक हसायला लागले. मग त्याचं ते मघाचं गाणं त्यांनीच म्हणायला सुरुवात केली. तुम्ही खाली बसलात आणि दोन्ही हात मांडीवर पडले. आमच्या घरात एक हात तसाच पडलेला असायचा. कसं वाटतं ते तुम्हाला कळावं एवढीच माझी इच्छा होती.

हे सगळं माझं एकटीचं आहे. आईंना यातलं काहीही माहीत नव्हतं, त्यांना मध्ये आणू नका.

वहिनी

२१ जुलै

वहिनी,

संघाने गोगलगायीला घेतलं. राजीनामा परत घ्यायला मी सुपरवायझरपुढे उभा राहिलो तेव्हा त्याने पंख्याकडे बघत ते गाणं गुणगुणलं, आणि मग कागद परत दिला. आता शाफ्टमध्ये खालून कुणीतरी सुरू करतं आणि वर मशीनरूमपर्यंत सगळे म्हणतात. माझी ती क्लिप लोकांनी इतकी बघितली आहे की भाजीवाल्याने मला ओळखलं. होडीतला माणूस म्हणतात मला.

तू पत्रात गोड बोललीस. 'यश घ्या' लिहिलंस. मी राजीनामा दिल्याचं कळवलं, त्यानंतर फायनलपर्यंत तुला फोन उचलायला भरपूर वेळ होता. मी एक गेम पुसला, तोही न कळून. तू माझं आयुष्य पुसलंस आणि तारीख बघून पुसलंस. तो म्हातारा काय बडबडला त्यातला एक शब्दही मी ऐकला नाही, आणि मला ऐकायचाही नाही.

आईला माहीत नाही म्हणतेस ना? मग मी सांगतो. ती तुझी सासू आहे, माझी आई आहे. मी शेंडेफळ आहे तिचं. दादाला मारायची तेव्हा मला पाठीशी घालायची. हे पत्र तिला वाचून दाखव, हिंमत असेल तर पूर्ण दाखव. मग बघू ती कुणाची बाजू घेते आणि त्या घरात तुझं काय होतं.

३० जुलै

छोटू,

आशीर्वाद लिहायचा राहिलेला नाही. मुद्दाम लिहिला नाही.

सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. नको म्हटलं. अक्षर वाकडं आहे, लावून वाच. मध्ये मध्ये थांबते आहे.

तुझं पत्र तिने पूर्ण वाचलं. एक ओळ गाळली नाही.

नावाड्याची वाट मी सांगितली. तिला नुसतं लिहायला लावलं. तुझी तारीख आली तेव्हा कॅलेंडर मी मागितलं, पौर्णिमा मी शोधली. तिला तर तू चार शिव्या खाल्ल्यास तरी पुरलं असतं. मला पुरलं नसतं.

तू राजीनामा दिलास हे वाचल्यावर ती रडली. म्हणाली, आई, आता पुरे, त्याला सांगू या. तुला फोन करायला निघाली. तिचा फोन मी मांडीखाली घेतला आणि फायनल होईपर्यंत सोडला नाही. माझ्यावर ओरडली. मी दिला नाही. नंतर तुला पत्र लिहून सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, मला विचारलंही नाही. तिच्याविरुद्ध यापुढे एक शब्द लिहायचा नाहीस.

आईला सांगतो, मग बघू ती कुणाची बाजू घेते, असं लिहिलंस. बघितलंस.

राग कशाचा आहे ते सांगते. पुसलंस ते चुकून, हे मला पटतं. लहानपणी तू पाटीसुद्धा दुसऱ्याची पुसायचास. पण पुसल्यावर लिहिलंस, अकरा टक्के. चहा होईस्तोवर करून देतो म्हणालास. तो माणूस समुद्रात न पडता धक्क्यापर्यंत गेला त्या दिवशी मी आणि सून दोघी रडलो होतो. ते चहा होईस्तोवर होत नाही. ते तुझ्या हाताने होणारच नाही.

मग मला तुझा इतका राग आला की मी रिमोट उचलला. दात ओठ खाऊन उचलला. नवं गाव मी रागात बांधलं. रोज धक्क्यापर्यंत जायचे, म्हाताऱ्यापाशी बसायचे, वाट तीच आहे ना ते पुन्हा पुन्हा तपासायचे. बोटं दुखायची. तुझा चेहरा आठवायचा, की दुखणं कमी व्हायचं. बाई विचारतात, इतका फरक कशाने पडला. काय सांगू त्यांना?

तुझी नोकरी गेली असती तर मला वाईट वाटलं असतं. तरीही मी हेच केलं असतं.

राग अजून गेलेला नाही. रविवारी ये. जेवायला नाही, जेवून ये. माझ्या शेजारी खाली बस आणि मी खेळते ते बघ. रिमोट मागायचा नाही. इकडून जा, तिकडून जा, असं सांगायचं नाही. उसासे टाकायचे नाहीत. घड्याळ बघितलंस तर पुढच्या रविवारी पुन्हा.

माझं बोट बटणापर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ तू थांबायचं.

आई